पंख्याच्या सुरात गाणारे व्यंकण्णा

श्री. व्यंकटेशराव दासरी, म्हणजे आपणा सर्वांचे व्यंकण्णा, यांची आणि माझी पहिली भेट एका कवितेमुळे झाली, आणि त्या भेटीत आम्हा दोघांना एकमेकांचा एकही शब्द ऐकू आला नाही.

मी तेव्हा शाळेत नुकताच लागलो होतो. मराठी शिकवत असे. कविता चालीशिवाय शिकवायची नाही, असा माझा त्या वयातला हट्ट. वर्गात फळ्यावर कविता लिहायची, पेटीवर नव्हे तर टेबलावर ठेका धरायचा आणि मुलांकडून ती म्हणून घ्यायची. शेजारच्या वर्गावरचे गणिताचे गुरुजी भिंतीवर डस्टर आपटत, तोही मी ठेक्यातच धरीत असे. तर त्या शनिवारी अर्धी शाळा सुटली आणि मी पाखराच्या घरट्यावरच्या एका लहानशा कवितेला चाल लावीत घरी निघालो. पहिली ओळ बसली होती, दुसरी काही केल्या बसेना. कविता डोक्यात असली की माझे पाय त्यांना वाटेल तिकडे जातात, तसे ते गेले आणि मी भलत्याच गल्लीत, यंत्रमागांच्या कारखान्यांमध्ये जाऊन पोहोचलो. दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, त्यांच्या विजेच्या मोटारींची घूंघूं. आणि त्या सगळ्या कल्लोळाच्या वर, पतंग वर जाऊन स्थिर व्हावा तसा एक आवाज. पुरुषाचा, पण इतका उंच की पेटीवर काळी चारची पट्टी धरावी तेव्हा कुठे त्याच्या पायरीला पोहोचता यावे. शब्द तेलुगू होते, मला कळत नव्हते. पण माझ्या कवितेची दुसरी ओळ त्या चालीत अलगद जाऊन बसली.

मी आत शिरलो. केसांत कापसाचे तंतू अडकलेला एक तरुण मागावर उभा राहून गात होता. मी त्यांना म्हणालो, "आपण कोणाकडे शिकलात?" ते काहीतरी म्हणाले. मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा काहीतरी सांगितले आणि भिंतीवरच्या परवान्याकडे बोट दाखवले. मी कोणीतरी सरकारी साहेब आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. ती दूर करण्यासाठी मी घरट्याची कविता हातवारे करून दाखवली. त्यावर त्यांनी एक स्टूल पुसून दिले आणि चहा मागवला. मी चहा प्यालो, नमस्कार केला आणि घरी आलो. पुढे अण्णा सांगत, "मला वाटलं, साहेबांना चिमण्यांचा त्रास होतोय. जाळी लावा म्हणतायत."

हे सगळे आज आठवण्याचे कारण म्हणजे अण्णांची पंचाहत्तरी. हा गौरवग्रंथ आपल्या हाती पडेल तेव्हा सोहळा सुरू असेल. निमंत्रणपत्रिकेवर आपण 'सत्कारानंतर व्यंकण्णांचे गायन' अशी ओळ वाचली असेल. ती ओळ सत्कार समितीचे उत्साही सचिव देशपांडेसाहेब यांनी अण्णांना न विचारता छापली. अण्णांनी पत्रिका वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "हार घालून घेतो, शाल घेतो, नारळ घेतो. गाणार मात्र न्हाई." आमची नाटक मंडळी बंद पडल्यापासून अण्णा गायलेले नव्हते. अण्णा गाणार की नाही, या एका प्रश्नाने गेला महिना आम्हा सर्वांची झोप उडवली. त्याचे काय झाले ते सांगतो, पण क्रमाने. मास्तर माणसाला मधले पान उलटता येत नाही.

त्या काळी आमच्या गावात 'मधुरंजन संगीत मंडळी' होती. मालक बापूसाहेब. ते स्वतः राजाचे काम करीत आणि तिकिटांच्या खिडकीवरही मुकुट घालूनच बसत. शाळा सांभाळून मी मंडळीत प्रॉम्प्टरचे काम करीत असे, म्हणजे विंगेत उभे राहून नटांना त्यांची वाक्ये पुरवायची. पेटीवर हुसेनभाई. आमच्या 'संगीत मधुकेतू' या नाटकातले नायक मंडळी सोडून गेले होते आणि बापूसाहेब नवा राजपुत्र शोधत होते. मी कारखान्यातल्या आवाजाची हकिकत सांगितली. बापूसाहेबांनी अण्णांना रविवारी दुपारी रिकाम्या नाट्यगृहात बोलावले.

अण्णा आले. धुतलेला सदरा, केसांना तेल, पायांत नवी चप्पल. रंगमंचाच्या मधोमध उभे राहिले. हुसेनभाईंनी सूर दिला. अण्णांनी तोंड उघडले आणि मिटले. हुसेनभाईंनी पुन्हा सूर दिला. अण्णांनी पुन्हा उघडले आणि मिटले. त्या रिकाम्या नाट्यगृहात पाल चुकचुकलेली ऐकू आली.

बापूसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, यांचा गळा कारखान्यातच राहिला काय?"

अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. म्हणाले, "साहेब, हितं लई शांत हाय. सूर कुठनं घेऊ?"

हुसेनभाई दुखावले. "फिर ये मैं क्या बजारा, मियां?"

"तुमचं वाजतंय आणि थांबतंय. आमचं थांबत न्हाई की."

आम्हा कोणाला काही उमगले नाही. पण एवढा घामाघूम झालेला माणूस बघून बापूसाहेबांनी विंगेतला उभा पंखा लावायला सांगितला. हा पंखा मंडळीचा फार जुना. वारा बरा देई, पण आवाज असा करी की प्रयोग सुरू असताना तो लावायला सक्त मनाई होती. तो सुरू झाला. घूंऽऽऽ. अण्णांनी डोळे मिटले. क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्या घूंमधून, घड्यातून पाणी ओतावे इतक्या सहज, त्यांनी सूर उचलला आणि तो असा काही वर गेला की नाट्यगृहाच्या छपरातले पारवे उडाले.

हुसेनभाईंची बोटे पेटीवर धावली. ते ओरडले, "मास्तर! पंखा काली चार में है!"

कारखान्यातल्या मोटारींनी अण्णांना सूर दिला होता. तंबोरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. लहानपणापासून ते ज्या घूंमध्ये उभे होते, तोच त्यांचा तंबोरा. आणि मागांच्या खटखटीवर ऐकू यायचे तर उंचच गावे लागते, म्हणून तो गळा तसा घडला. हे आम्हाला कळले तेव्हा बापूसाहेबांनी मुकुट काढला, पुन्हा घातला आणि आज्ञा केली, "आजपासून पंख्याला कुणी हात लावायचा नाही."

त्या दिवसापासून पंखा मंडळीच्या नोकरीत लागला. दौऱ्यावर निघताना ट्रकमध्ये आधी पंखा चढे, मग मुकुटांची पेटी, मग बापूसाहेब. खंडेनवमीला हुसेनभाईंच्या पेटीशेजारी पंख्याला झेंडूची माळ पडे. प्रेक्षकांना वाटे, नायकाचे लाड चाललेत. एका गावच्या वार्ताहराने लिहिलेही, की नायकाला गाताना वाऱ्याची फार हौस आहे. थंडीच्या दिवसांत मात्र कठीण होई. आमच्या नायिका कुमुदताई लतामंडपात बसून कुडकुडत. एकदा तर त्या अंक संपल्यावर विंगेत येऊन म्हणाल्या, "अण्णा, पद वसंत ऋतूचं आहे आणि माझे दात वाजतायत. लोकांना वाटलं, मी ठेका धरलाय." अण्णांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून चादर आणली, चांगली जाड, आपल्या सोलापुरी विणीची, आणि राजकन्येचा शेला म्हणून तीच पुढे कायम झाली.

अण्णांच्या कामाबद्दल लिहायचे तर सकाळच्या शिकवण्यांबद्दल लिहिले पाहिजे. घरात तेलुगू, कारखान्यात सगळ्या भाषांची मिसळ, आणि नाटकातली पदे अशी की मराठी माणसानेही दमून पाणी मागावे. उच्चार पक्के व्हावेत म्हणून ते माझ्या घरी येऊ लागले. मी त्यांना आधी नाटकातले एकही पद दिले नाही. घरट्याची ती लहानशी कविता दिली. साधे शब्द, संध्याकाळ, एक पाखरू घरी परत येते, एवढीच गोष्ट. अण्णांना ती मुळीच आवडली नाही.

"मास्तर, यात राजा न्हाई, तलवार न्हाई, पाखरू मरत पण न्हाई. हे काय गाणं झालं?"

"अण्णा, हे नीट म्हणता आलं की तलवारीचं आपोआप येतं."

"आणि लई खाली हाय हो हे. वर कुठं जातच न्हाई."

"ते पाखरू घरी चाललंय. वर कशाला जाईल?"

यावर ते हसले आणि कविता पाठ केली, पण गायली कधी नाही. मी मात्र त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो. मागावर एक धागा तुटला तरी ते माग थांबवून तो आधी जोडून घेत. पदांतल्या शब्दांचेही त्यांनी तेच केले. बार्शीच्या एका प्रयोगात त्यांच्याकडून कडव्यातला एक शब्द गिळला गेला. प्रेक्षकांना पत्ता नाही. टाळ्या पडल्या, वन्समोअर आला. अण्णा पुढे आले, हात जोडले आणि राजपुत्राच्या वेशात म्हणाले, "मघाशी एक शब्द राहिला होता. आता पुरा देतो." विंगेत बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला. पण त्यानंतर बार्शीत अण्णा गेले की चहावाले त्यांच्याकडून पैसे घेत नसत. शब्द पुरा देणारा माणूस म्हणत.

मी अण्णांपेक्षा वयाने मोठा, तरी त्यांना अण्णाच म्हणतो. तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

आता अक्कलकोटचा प्रयोग. तो सांगितल्याशिवाय माझा लेख कोणी छापूनही घेणार नाही.

दुसरा अंक. तुरुंगातला प्रवेश. मधुकेतूचे मोठे पद, ज्यासाठी लोक पंचक्रोशीतून आलेले. अण्णांनी डोळे मिटले, हात वर केला आणि लाइट गेली. बत्त्या तयारच होत्या, त्या लगेच आल्या. उजेड झाला. पण पंखा थांबला होता. पाती अजून दोनचार फेरे घेत होती, तीही थांबली. अण्णा तुरुंगात उभे. तोंड उघडे. आवाज नाही.

मी विंगेतून पदाची पहिली ओळ सांगितली. पुन्हा सांगितली. अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि ओठ हलवून एवढेच म्हणाले, "पंखा."

प्रेक्षकांत चुळबूळ सुरू झाली. कुणीतरी शीळ घातली. बापूसाहेब राजाच्या वेशात माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी एकदा पंख्याकडे पाहिले, एकदा अण्णांकडे, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड मिटून सुरू केले, "घूंऽऽऽ." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांनी मला कोपराने ढोसले. मीही सुरू केले. कुमुदताईंनी सुरू केले. पहिल्या अंकात मारला गेलेला सेनापती बिडी टाकून धावत आला आणि घूं करू लागला. हुसेनभाई पेटीवरून खुणा करीत होते, "ऊपर, ऊपर, जरा ऊपर!" आम्ही वर सरकलो. काळी चार सापडली.

अण्णांनी सूर उचलला.

ते पद अण्णा त्या दिवशी जसे गायले तसे पुन्हा कधी गायले नाहीत, असे जाणकार म्हणतात. मला सांगता येत नाही. घूं करणाऱ्याला गाणे नीट ऐकू येत नाही. पद संपले आणि नाट्यगृह कोसळले. एका बाजूने वन्समोअर, दुसऱ्या बाजूने कानडी मंडळींचे "इन्नोम्मे! इन्नोम्मे!" अण्णा पुन्हा गाण्यासाठी पुढे झाले तेव्हा पहिल्या रांगेतून एक फेटेवाले आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी थांबा हो जरा. ते आतलं भुंग्यावानी काय ते हुतं, ते पयलं हुंद्या!"

आतल्या भुंग्यांना अक्कलकोटात वन्समोअर मिळाला. बापूसाहेब रंगमंचावर येऊन लवून गेले. सेनापती मेलेला असल्यामुळे त्याला जाता आले नाही, याचे दुःख त्याने शेवटपर्यंत बाळगले.

माणूस म्हणून अण्णा कसे, याची एकच आठवण सांगतो. सोलापूरचा उन्हाळा. माझी पत्नी मालती तापाने अंथरुणाला खिळली होती. घरात पंखा नव्हता. दुपारी दारात सायकलची घंटा वाजली. पाहतो तर अण्णा. कॅरियरवर मधुकेतूच्या उपरण्याने बांधलेला मंडळीचा पंखा.

मी म्हणालो, "अण्णा, संध्याकाळी प्रयोग आहे!"

"हाय की."

"मग पंखा?"

"पंखा वहिनींना लागतोय. मंडळीतली माणसं काय कामाची मग? आज तेच व्हतील पंखा."

आणि खरेच, त्या संध्याकाळी सगळ्या मंडळीने घूं केले. रात्री घरी आलो तर मालती टक्क जागी. मी विचारले, "बरं वाटतंय?" तर म्हणाली, "वारा छान आहे हो. पण हा आवाज! डोळ्याला डोळा लागत नाही."

"मग बंद करायचा!"

"इतका मोठा राजपुत्र सायकलवरून पंखा देऊन गेला. बंद कसा करू?"

आठवडाभर ती त्या घूंमध्ये जागी राहिली आणि बरी झाली. ताप कंटाळून गेला, असे ती म्हणे. आता मालती नाही. पण कुठे जुना पंखा घरघरला की मला अजूनही वाटते, आतल्या खोलीत कोणीतरी सौजन्याने जागे आहे.

पुढे बापूसाहेब गेले. मंडळी विरळ होत गेली. राजपुत्राचा अंगरखा अण्णांना तंग होऊ लागला तो मोकळा केला, पुन्हा मोकळा केला, मग मोकळा करायला कापड उरले नाही. शेवटच्या प्रयोगात, मोठ्या पदाच्या शेवटच्या कडव्यात, विंगेतल्या पंख्यातून धूर निघाला आणि तो कायमचा थांबला. प्रेक्षकांनी त्या धुराला टाळ्या दिल्या. अण्णांनी कडवे कसेबसे पुरे केले, पंख्यावर उपरणे टाकले आणि गाणे सोडले. कारखान्यात मुकादम झाले, निवृत्त झाले आणि कुंभारीला मुलाच्या घरी राहायला गेले. आम्ही समजलो, गळा संपला. तोंडावर कोणी बोललो नाही.

आणि मग ती पत्रिका. देशपांडेसाहेब माझ्याकडे आले ते रडकुंडीला येऊन. "मास्तर, हजारभर पत्रिका वाटून झाल्या. काहीतरी करा."

मी आणि हुसेनभाईंनी विचार केला, की अण्णांना गळ्याचे नव्हे, पंख्याचे दुःख आहे. नवा पंखा घेऊ. आम्ही तिघे एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण, हुशार. त्यांनी एकामागून एक पंखे लावून दाखवले.

"बघा काका, आवाजच नाही!"

"आवाज करणारा दाखवा," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"घूं करणारा."

त्यांनी दुसरा लावला. "हा तर याच्याहून शांत. बाळ झोपलं तरी उठणार नाही."

हुसेनभाई पंख्याला कान लावून म्हणाले, "नक्को. ये तो गूंगा है."

दुकानदार देशपांडेसाहेबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, काकांना ऐकू कमी येतं का?" शेवटी जुन्या बाजारात, भंगाराच्या ढिगात, आम्हाला एक लोखंडी पंखा सापडला. लावला आणि शेजारच्या दुकानातली माणसे बाहेर आली. हुसेनभाईंनी डोळे मिटून ऐकले. "थोडा नीचे है, पन चलेगा."

रिक्षात पंखा, पेटी आणि आम्ही तिघे असे कुंभारीला पोहोचलो. लक्ष्मीवहिनी, अण्णांच्या पत्नी, दारातच होत्या. जन्मभर विड्या वळून त्यांनी संसार ओढला. पंखा पाहून म्हणाल्या, "अगं बाई, आणि एक आवाज घरात! मी काय कमी हाय?" मग मला म्हणाल्या, "मास्तर, यांना लग्नापासून ओळखते. घरात मी ओरडायला लागले की हे बारीक आवाजात गुणगुणायचे. मला वाटायचं चिडवतायत. आत्ता कळतंय, सूर घ्यायचे माझ्याकडनं."

अण्णा खाटेवर बसले होते. आम्ही पंखा लावला. घूंऽऽऽ. अण्णांनी डोळे मिटले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बंद करा मास्तर."

"पट्टी चुकली?"

"न्हाई हो. दोन माग संगट चालू झाल्यावानी व्हतंय. बंद करा."

पंखा बंद केला. अण्णांनी कानावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्या कानात एक चालूच असतो की. लई वर्षं झाली. मागावर व्हतो तवाच तो आत येऊन बसला. दिवसरात्र घूं."

लक्ष्मीवहिनी म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवलं. मागावरच्या माणसांना व्हतं म्हणाला, थांबायचं न्हाई म्हणाला. तर हे त्याला विचारतात, पट्टी जरा वर करता येईल का? डॉक्टर माझ्याकडंच बघायला लागला."

"मग अण्णा," मी म्हणालो, "सूर तर तुमच्याजवळच आहे! पंखा कशाला हवा?"

"तो लई खाली चालतो, मास्तर." अण्णांचा आवाज बदलला. "पंखा गेला तवाच समजलं मला, आत काय उरलंय ते. तिथं मधुकेतू गात न्हाई. लोक काळी चार ऐकायला येणार. मी खालनं गायलो तर घरी जाऊन काय म्हणतील? व्यंकण्णा संपले म्हणतील. त्यापेक्षा न गाता बसलेलं बरं. निदान कुणाच्या तरी कानात मी वरच हाय की अजून."

आम्ही ज्याला गेलेला गळा समजत होतो तो गेला नव्हता. तो लोकांच्या आठवणीतला गळा जपत घरी बसला होता.

हुसेनभाईंनी पेटीचे झाकण काढले. "कितने में चालू है, अण्णा? जरा सुनाओ."

"कशाला?"

"मेरे कू सुनना है ना. तुमारे कान में मैं कैसा घुसूं?"

अण्णांनी तोंड मिटून घूं केले. हुसेनभाईंची बोटे पेटीवरून एकेक पायरी उतरत गेली. काळी चार मागे पडली, काळी तीन मागे पडली. बोटे उतरतच राहिली आणि एका ठिकाणी थांबली.

"पांढरी एक," हुसेनभाई म्हणाले. "अच्छा है. मेरा हाथ भी अब यहींच चलता, अण्णा. ऊपर की पट्टियां मेरे कू दिखतीच नहीं. तुम ऊपर गाते तो मैं मर जाता था."

अण्णा हसले. पुष्कळ दिवसांनी हसल्यासारखे. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, तुमचं ते पाखराचं गाणं. ते खालीच व्हतं न्हाई?"

"खालीच होतं."

अण्णांनी डोळे मिटले आणि घरट्याची कविता म्हटली. पहिली ओळ, दुसरी ओळ, माझ्याच चालीवर. त्यातले सगळे शब्द पुरे आले. पाखरू सावकाश उतरत आले आणि घरी पोहोचले, वर कुठे गेले नाही. मी आयुष्यभर ती कविता वर्गात शिकवली. इतकी वर्षे शिकवून ती मला त्या दिवशी कळली, एवढेच लिहितो.

गाणे संपले. लक्ष्मीवहिनी विड्यांच्या सुपात हात घालून तशाच बसल्या होत्या. अण्णांचे एकही नाटक त्यांनी पुरे पाहिले नव्हते. कामातून सवडच मिळाली नाही. त्या म्हणाल्या, "परत म्हणा की."

अण्णांना जन्मभर किती गावांनी वन्समोअर दिले. पण हा ऐकून ते लाजले. खरोखर लाजले, राजपुत्राच्या अंगरख्यातही कधी लाजले नव्हते तसे. आणि त्यांनी कविता परत म्हटली.

निघताना देशपांडेसाहेबांनी भीतभीत विचारले, "मग पत्रिकेतली ओळ...?"

"राहू द्या," अण्णा म्हणाले. "पण मधुकेतू न्हाई. पाखरू. आणि खालनं."

हे ठरल्यापासून हुसेनभाई रोज सकाळी कुंभारीला फोन करतात. "सलाम अण्णा. आज कान में कितना है?" कधी उत्तर येते पांढरी एक, कधी थोडे वर. ज्या दिवशी थोडे वर असते त्या दिवशी हुसेनभाई मला फोन करतात, आणि आम्ही दोघे म्हातारे उगीचच दिवसभर खुशीत असतो. लोखंडी पंखा आता माझ्याकडे आहे. दुपारी लावतो. झोप येत नाही, पण बरे वाटते.

आदरणीय अण्णांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे. त्यांच्या कानातला माग असाच सुरात चालत राहावा, लक्ष्मीवहिनींचा आवाज त्याच्यावर असाच चढता राहावा, आणि पाखराने रोज संध्याकाळी घरी यावे, हीच आम्हा सर्वांच्या वतीने सदिच्छा.

सभागृहातील रसिकांना एक विनंती आहे. सत्कारानंतर अण्णा माइकसमोर उभे राहतील, डोळे मिटतील आणि बराच वेळ काहीच म्हणणार नाहीत. त्या वेळी कृपया टाळ्या वाजवू नयेत, खोकू नये आणि कोणी पाण्याचा पेला घेऊन धावू नये. विसरले, थकले असे समजू नये. ते ऐकत असतील.